हायब्रिड गाडी बुक करताना बोलणी कशावर करायची?

तुमचा प्रश्न मी असा समजलो. तुम्ही कोथरूडला राहता, हिंजवडीला नोकरी, दोन महिन्यांतून एकदा कोल्हापूरला गावी जाणे, म्हणजे महिन्याला साधारण बाराशे किलोमीटर. अकरा वर्षांची डिझेल हॅचबॅक काढून टोयोटा हायरायडर किंवा मारुती ग्रँड व्हिटारा घ्यायची, तीही स्ट्राँग हायब्रिडच. शोरूमवाल्यांनी सांगितले की डिस्काउंट काही नाही, विमा आमच्याकडूनच घ्यावा लागेल, ४५ हजारांच्या ॲक्सेसरीज घ्याव्याच लागतील, आणि आज ११ हजार भरले तर नंबर लागेल. बुक करू का, आणि घासाघीस करायची तर कशावर?

आज पैसे भरू नका. मी सतरा वर्षे शोरूममध्ये काढली, आधी विक्रीत आणि नंतर सेल्स मॅनेजर म्हणून. आता ओळखीपाळखीच्या लोकांसोबत गाडी घ्यायला जातो. इतक्या वर्षांत एक गोष्ट पक्की कळली: मागणी असलेल्या गाडीवर रोख सूट फारशी सुटत नाही, पण बाकीच्या गोष्टींत ५०-६० हजार रुपये सहज इकडचे तिकडे होतात. ते सगळे बुकिंगची पावती फाटायच्या आधी ठरवावे लागते. पावती हातात आली की तुमचे वजन संपले.

साताऱ्याचे एक निवृत्त शिक्षक माझ्या कायम लक्षात आहेत. हायब्रिड गाडीसाठी सात महिने थांबले. गाडी आल्याचा फोन गेला तेव्हा सांगण्यात आले की विमा इथूनच आणि ॲक्सेसरीजचे पॅकेजही घ्यावे लागेल, नाहीतर ही गाडी पुढच्या नंबरला जाईल. बुकिंगच्या कागदावर यातले एक अक्षरही नव्हते, पण नकार द्यायची सोयही उरली नव्हती, कारण जुनी गाडी त्यांनी आधीच विकली होती. बासष्ट हजार जास्त भरून ते गाडी घेऊन गेले. टेबलाच्या पलीकडच्या बाजूला तेव्हा मी बसलो होतो. ते मला आजही बोचते, म्हणून हे सगळे सविस्तर लिहितो आहे.

पण त्याआधी एक खात्री करून घ्या. 'हायब्रिड' हा शब्द आपल्याकडे दोन वेगळ्या गोष्टींसाठी वापरला जातो. मारुतीचे 'स्मार्ट हायब्रिड' किंवा टोयोटाचे 'निओ ड्राइव्ह' म्हणजे माइल्ड हायब्रिड. त्यात छोटी मोटर इंजिनला हातभार लावते, पण नुसत्या बॅटरीवर गाडी चालत नाही. तुम्हाला हवी असलेली स्ट्राँग हायब्रिड ट्रॅफिकमध्ये बराच वेळ इंजिन बंद ठेवून चालते, ब्रेक दाबला किंवा उतार लागला की स्वतःच बॅटरी भरते आणि चार्जरला लावावी लागत नाही. कोटेशनवर व्हेरिएंटचे पूर्ण नाव लिहून घ्या. नुसते 'हायब्रिड ऑटोमॅटिक' लिहिलेल्या कोटेशनवरून नंतर झालेले वाद मी पाहिले आहेत.

आता हिशेब. कंपनीचा दावा या दोन्ही गाड्यांसाठी लिटरला २७.९७ किलोमीटरचा आहे. तो चाचणीतला आकडा. पुण्याच्या रस्त्यांवर २०-२१ धरा. त्याच गाडीची माइल्ड हायब्रिड ऑटोमॅटिक शहरात १२-१३ देते. पेट्रोल १०४ रुपये धरले तर बाराशे किलोमीटरला महिन्याला सुमारे ३५ लिटर, म्हणजे ३,६०० रुपयांच्या आसपास वाचतात. दोन्हींच्या किमतीत अडीच लाखांचा फरक असेल तर तो भरून निघायला साडेपाच वर्षांहून थोडा जास्त काळ लागेल. महिन्याला दोन हजार किलोमीटर असते तर साडेतीन वर्षांतच निघाला असता. हायब्रिडचा खरा फायदा हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये आहे. कोल्हापूरच्या हायवेला शंभरच्या वेगाने निघालात की इंजिन बहुतेक वेळ चालूच राहते आणि फरक कमी होतो. तुमचे बहुतेक रनिंग शहरातले आहे, आणि गाडी आठ-दहा वर्षे ठेवणारे तुम्ही दिसता, म्हणून तुमच्यासाठी निर्णय योग्य आहे असे मला वाटते. चार वर्षांत गाडी बदलणाऱ्याला मी हे सांगितले नसते.

टेस्ट ड्राइव्हला शोरूमच्या भोवती एक चक्कर मारून परत येऊ नका. कोथरूडचेच आहात, तर चांदणी चौकाच्या चढावर गाडी घ्या, पूर्ण कुटुंब बसवून. ई-सीव्हीटीमध्ये, म्हणजे या हायब्रिडच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये, चढाला इंजिनचा आवाज आधी चढतो आणि वेग मागून येतो. काही लोकांना हे अजिबात आवडत नाही, आणि ते बुकिंगनंतर कळून उपयोग नाही. शिवाय गावाला जाताना नेता त्या बॅगा खरोखर डिकीत ठेवून पाहा. ग्रँड व्हिटाराची ३७३ लिटरची डिकी स्ट्राँग हायब्रिडमध्ये बॅटरीमुळे २६५ लिटरवर येते. परतीला गावाकडून तांदळाचे पोते येत असेल तर हा आकडा फार महत्त्वाचा.

दर मागताना 'बेस्ट प्राइस सांगा' असे विचारू नका. त्यावर एकच एकूण आकडा मिळतो आणि त्यात काय काय मिसळले आहे ते दिसत नाही. प्रत्येक ओळ वेगळी लिहिलेले कोटेशन ईमेलवर किंवा व्हॉट्सॲपवर शोरूमच्या लेटरहेडवर मागा. मग ओळ न् ओळ तपासा.

एक्स-शोरूम किंमत (रस्ता कर आणि विमा धरण्याआधीची) कंपनी ठरवते, ती सगळीकडे सारखीच निघायला हवी. २२ सप्टेंबर २०२५ पासून या आकाराच्या हायब्रिडवर ४० टक्के जीएसटी आहे. त्याआधी सेस धरून ४३ टक्के होता, म्हणून जुन्या व्हिडिओंतल्या किमती धरून बोलायला बसू नका. रस्ता कर महाराष्ट्रात पेट्रोल गाडीच्या दराने लागतो: १० लाखांपर्यंत ११ टक्के, १० ते २० लाखांना १२ आणि त्यावर १३. इलेक्ट्रिक गाडीसारखी सूट हायब्रिडला आपल्याकडे नाही. उत्तर प्रदेशाने जुलै २०२४ मध्ये स्ट्राँग हायब्रिडला नोंदणी करमाफी जाहीर केली तेव्हा मला खूप जणांनी विचारले होते की तिकडून आणू का. आणू नका. बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ गाडी इथे ठेवली की नोंदणी बदलून इथला कर भरावाच लागतो. कंपनीच्या नावावर गाडी घेतली तर हा कर २० टक्के होतो, हेही ध्यानात असू द्या.

१८ लाखांची एक्स-शोरूम किंमत धरली तर कर २ लाख १६ हजार. १० लाखांवरच्या गाडीला १ टक्का टीसीएस (विक्रेत्याने तुमच्याकडून गोळा करून भरायचा प्राप्तिकर), म्हणजे आणखी १८ हजार. हा खर्च नाही. प्राप्तिकर विवरणपत्र भरताना तो तुमच्या खात्यात जमा दिसतो आणि वळता करून घेता येतो. अनेक लोक तो सोडून देतात. शोरूमकडून टीसीएसचे प्रमाणपत्र मागून घ्या आणि पॅन नंबर बरोबर लिहिला आहे का ते पाहा.

त्याखाली 'आरटीओ खर्च' म्हणून १२-१५ हजार लिहिलेले असतील तर तिथे बोट ठेवा. नोंदणी शुल्क ६०० रुपये, कर्ज असेल तर आरसीवर बँकेचा बोजा चढवायचे १,५००, स्मार्ट कार्डचे २००. उरलेले पैसे कशाचे, हे शांतपणे विचारा. 'हँडलिंग' किंवा 'लॉजिस्टिक' अशी ओळ असेल तर ती काढायला सांगा. गाडी स्टॉकयार्डातून शोरूमपर्यंत आणणे हे विकणाऱ्याचेच काम आहे. मी मॅनेजर असताना ज्याने ही ओळ पाहून लेखी खुलासा मागितला, त्याची ओळ आम्ही काढत होतो. न मागणाऱ्याची तशीच राहायची.

मोठा पैसा विम्यात आहे, म्हणून इथे जरा थांबतो. नवीन गाडीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा (समोरच्याच्या नुकसानीचा) सक्तीचा असतो आणि सोबत साधारणपणे एक वर्षाचा ओन डॅमेज विमा (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा) घेतला जातो. थर्ड पार्टीचा हप्ता सरकार ठरवते, तो कुठेही घेतला तरी तोच. हायब्रिडला त्यात २०२२ च्या अधिसूचनेने साडेसात टक्के सवलत आहे, ती कोटेशनमध्ये धरली आहे का ते पाहा. ओन डॅमेजच्या भागात मात्र कंपनी-कंपनीत मोठा फरक पडतो. डीलरला विम्यातून जे मिळते, ते गाडीच्या विक्रीतून मिळणाऱ्यापेक्षा कमी महत्त्वाचे नसते, म्हणूनच तो विम्यावर अडून बसतो. विमा कुठून घ्यायचा हा हक्क तुमचा आहे. 'इथूनच घ्या नाहीतर गाडी नाही' असे लेखी द्या म्हटले की कोणी देत नाही.

मात्र हट्टाने बाहेरूनच घ्या असेही मी म्हणणार नाही. डीलरकडचा विमा असेल तर अपघातानंतर त्याच्याच वर्कशॉपमध्ये कॅशलेसचे काम सोपे जाते. तुम्ही बाहेरचे कोटेशन समोर ठेवा: तीच आयडीव्ही (गाडीची विमा उतरवलेली किंमत), तेच झिरो डेप (सुट्या भागांचा घसारा न कापणारे कव्हर), इंजिन प्रोटेक्ट (इंजिनच्या नुकसानीचे कव्हर) आणि रिटर्न टू इन्व्हॉइस (गाडी पूर्ण गेली तर बिलाची रक्कम देणारे कव्हर). पुण्याच्या पावसात रस्त्यावर पाणी साचते ते पाहता इंजिन प्रोटेक्ट सोडू नका, आणि हायब्रिडची बॅटरी व मोटर त्यात धरली आहे का ते पॉलिसीच्या मजकुरात वाचा. मग म्हणा, याच्या जवळ या, इथूनच घेतो. बहुतेक वेळा येतात. मी सोबत गेलो त्यात याच एका ओळीवर १५ ते २५ हजार कमी झालेले पाहिले आहेत.

आणि तुमचा नो क्लेम बोनस (एनसीबी), म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट! पाच वर्षे क्लेम नसेल तर तो ५० टक्के असतो आणि तो गाडीचा नसून मालकाचा असतो. जुनी गाडी विकल्यावर विमा कंपनीकडून एनसीबीचे प्रमाणपत्र घ्या, ते तीन वर्षे चालते, आणि नव्या गाडीच्या ओन डॅमेज हप्त्यावर ती सूट लावून घ्या. अट एकच: दोन्ही गाड्यांचा मालक तोच हवा. जुनी गाडी वडिलांच्या नावावर आणि नवी तुमच्या नावावर असेल तर हा लाभ मिळत नाही. म्हणून गाडी कोणाच्या नावावर घ्यायची हे बुकिंगच्या आधी घरात ठरवा.

ॲक्सेसरीजबद्दल. ४५ हजारांच्या यादीत बहुधा मॅट, सीट कव्हर, डोअर व्हायझर, बॉडी कव्हर, अंडरबॉडी कोटिंग आणि सिरॅमिक कोटिंग असेल. मॅट आणि मडफ्लॅप घ्या, बाकीचे बाहेर कमी किमतीत मिळते. फक्त विजेचे काहीही बाहेर लावू नका. हायब्रिडमध्ये नारिंगी रंगाच्या उच्च दाबाच्या केबल असतात, आणि वायर कापून हॉर्न, लाइट किंवा ॲम्प्लिफायर जोडला तर वॉरंटीचा वाद उभा राहतो. त्या वॉरंटीचे मोल मोठे आहे: हायब्रिड बॅटरीला ८ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर. सीट कव्हर घेताना बॅटरीला थंड हवा ओढणारी जाळी कुठे आहे ते विचारून घ्या आणि ती झाकली जाणार नाही असेच कव्हर बसवा. ती जाळी कापडाने बंद झाली की बॅटरी तापते, आणि हे अगदी साध्या सीट कव्हरनेही होऊ शकते.

'ॲक्सेसरीज घ्याव्याच लागतील' यावर उपाय तोच: लेखी मागा. मग शेवटी तडजोड म्हणून 'दहा हजारांच्या घेतो, तुम्ही एक्स्टेंडेड वॉरंटीत तेवढे कमी करा' असे म्हणता येते. एक्स्टेंडेड वॉरंटी मी हायब्रिडला घ्यायला सांगतो. मात्र ती पहिल्याच दिवशी घेतली पाहिजे असे नाही, मूळ वॉरंटी चालू असतानाही घेता येते. त्यामुळे ती बोलणीत वापरायला चांगली वस्तू आहे.

जुन्या गाडीची बोलणी नव्या गाडीपासून वेगळी ठेवा. शोरूममध्ये या दोन्ही एकत्र बांधायची सवय असते: एक्स्चेंजला वीस हजार वाढवले असे दाखवायचे आणि तेच दुसऱ्या ओळीत काढून घ्यायचे. जुन्या गाडीची खरी किंमत आणि एक्स्चेंज बोनस असे दोन आकडे वेगळे लिहून मागा, आणि बाहेर दोन ठिकाणी गाडी दाखवून या. तुमची गाडी एप्रिल २०१९ च्या आधीची आहे, तेव्हा एचएसआरपी (उच्च सुरक्षा नंबर) पाटी बसवलेली नसेल तर आधी बसवा, नाहीतर नाव बदलायच्या वेळी आरटीओत काम अडते. मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सही करून नुसते देऊन टाकू नका. प्रती ठेवा आणि आरसीवरचे (नोंदणी प्रमाणपत्रावरचे) नाव बदलेपर्यंत पाठपुरावा करा. तोवर त्या गाडीच्या चलनापासून अपघातापर्यंत सगळे तुमच्या नावावर असते.

कर्ज घेणार असाल तर आपल्या पगाराच्या बँकेचे मंजुरीपत्र खिशात घेऊन जा. शोरूममध्ये कधी कधी फ्लॅट दर सांगतात, म्हणजे फेडलेली रक्कम वजा न करता पूर्ण मूळ कर्जावर शेवटपर्यंत व्याज. पाच वर्षांच्या कर्जाला ५ टक्के फ्लॅट म्हणजे घटत्या शिल्लकीवर ९ टक्क्यांहून थोडे वरच पडतात. मासिक हप्ता आणि प्रोसेसिंग फी, एवढ्या दोनच गोष्टींची तुलना करा.

आता तुमचे सर्वांत मोठे हत्यार. हायरायडर आणि ग्रँड व्हिटारा ही एकाच घरातली भावंडे आहेत. दोन्हींची स्ट्राँग हायब्रिड यंत्रणा तीच, तोच दीड लिटरचा तीन सिलिंडर पेट्रोल इंजिनाचा संच, आणि दोन्ही बंगळूरजवळच्या बिडदीच्या कारखान्यात तयार होतात. तुमचे मन एकीवर बसले असेल तरी दुसरीचे लेखी कोटेशन घ्याच. माझ्या पाहण्यात ग्रँड व्हिटारावर सूट जास्त सुटते आणि हायरायडरला थांबावे लागते. शिवाय पुण्यातल्या दोन आणि साताऱ्या-कोल्हापूरच्या एकेका शोरूमला तोच मेसेज पाठवा. लहान शहरातला डीलर एका जादा विक्रीसाठी बरेच सोडतो. तिथून घेतली तर नंबर एमएच-१२ चा मिळेल की एमएच-०९ किंवा एमएच-११ चा, ते आधी विचारा. तुम्हाला फरक पडत नसेल तर उत्तमच.

मेसेज असा लिहा: 'अमुक व्हेरिएंट, अमुक रंग, या महिन्यात निर्णय घेणार आहे. विमा आणि कर्ज माझे धरून, आणि तुमचे धरून, अशी दोन कोटेशन पाठवा. गाडी स्टॉकमध्ये असेल तर उत्पादनाचा महिना कळवा.' एवढे वाचून समोरच्याला कळते की हा माणूस तयारीने येतो आहे.

वेळेबद्दल. दसरा, पाडवा, अक्षय्य तृतीया या दिवशी डिलिव्हरी घ्यायची असेल तर जरूर घ्या, त्या आनंदाचे मोल वेगळे आहे. पण बोलणी त्या आठवड्यात करू नका. शोरूममध्ये पाय ठेवायला जागा नसते आणि कोणी एक रुपया सोडत नाही. पितृपंधरवड्यात शोरूम रिकामे असते आणि महिन्याचे टार्गेट मात्र तेवढेच असते. त्या दिवसांत दर ठरवून, बुकिंगची तारीख आणि दर लेखी घेऊन, डिलिव्हरी घटस्थापनेला किंवा दसऱ्याला घेणारे बरेच लोक माझ्याकडे यायचे, आणि त्यांचा सौदा नेहमीच चांगला व्हायचा. एरवी महिन्याचे शेवटचे तीन-चार दिवस बरे. डिसेंबरमध्ये सूट मिळते, पण गाडी त्या वर्षाची ठरते आणि जानेवारीत ती एका वर्षाने जुनी होते. दहा वर्षे ठेवणार असाल तर त्याची चिंता नको.

बुकिंगच्या फॉर्मवर बहुतेक ठिकाणी छापलेले असते की डिलिव्हरीच्या दिवशीची किंमत लागू होईल. एक्स-शोरूमची वाढ डीलरच्या हातात नसते, ते मान्य करा. पण सूट, विम्याचा दर, ॲक्सेसरीज आणि एक्स्चेंज बोनस हे जसे ठरले तसेच राहतील, एवढे फॉर्मवर हाताने लिहून सेल्स मॅनेजरची सही आणि शिक्का घ्या. बुकिंग रद्द केले तर किती दिवसांत किती पैसे परत, तेही लिहा. कंपनीच्या सिस्टीममधला ऑर्डर नंबर त्याच दिवशी मागा, कारण शोरूमच्या वहीतला नंबर आणि कंपनीकडचा नंबर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पैसे चेकने किंवा शोरूमच्या खात्यावर ऑनलाइन भरा, कोणाच्या वैयक्तिक यूपीआयवर कधीही नाही. दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणे तर त्यांनाही कायद्याने चालत नाही.

आणि गाडी प्रत्यक्ष येऊन, चासी नंबर तुमच्या नावावर लागेपर्यंत जुनी गाडी विकू नका. साताऱ्याच्या सरांची चूक फक्त तीच होती.

गाडी आली की बाकीची रक्कम भरण्याआधी आणि नोंदणीला पाठवण्याआधी ती डोळ्यांनी पाहा. एकदा तुमच्या नावावर नोंदली की ओरखडा असो वा जुना माल, ती तुमचीच. दिवसा उजेडात जा. फॉर्म २१ (विक्री प्रमाणपत्र) आणि २२ (गाडी रस्त्यावर चालवण्यायोग्य असल्याचे कंपनीचे प्रमाणपत्र) वरचा उत्पादनाचा महिना आणि चासी नंबर गाडीवरच्या नंबराशी ताडून पाहा. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष. पाचही टायर पाहा. काचांवरचे शिक्के, दारांच्या फटी, छताचा रंग बघा.

हायब्रिडसाठी एक गोष्ट मी आवर्जून करतो. गाडी यार्डात महिनोन् महिने उभी राहिली असेल तर मोठ्या बॅटरीच्या आधी साधी १२ व्होल्टची बॅटरी मान टाकते, आणि ती बसली की हायब्रिड सुरूच होत नाही, मोठी बॅटरी भरलेली असली तरी. म्हणून आदल्या दिवशी जंप देऊन गाडी सुरू केली होती का ते विचारा, आणि गाडी तासभर बंद ठेवून पुन्हा चालू करून दाखवायला सांगा. ब्रेकवर पाय ठेवून बटण दाबले की इंजिनचा आवाज न येता मीटरवर हिरवा 'रेडी' दिवा लागला पाहिजे. कुठलाही इशाऱ्याचा दिवा रेंगाळला, किंवा १२ व्होल्टची बॅटरी तपासल्याचा कागद दाखवता आला नाही, तर ती बॅटरी बदलून मागा. बदलून मिळाल्यावर उरलेले पैसे भरा.